गोकुळमामा आणि उजवी पाकळी

२ जानेवारी २००५, रविवार
डिचोली तालुक्याने आज टीव्हीवर पहिल्यांदा खरा कलावंत पाहिला. सगुणच्या केबल चॅनलवर 'गोकुळमामाची गंमत' सुरू. लाइव्ह! खाणीच्या ऑफिसातली नोकरी सोडली ती याचसाठी. प्रभावती म्हणते, सोडली नाही, सुटली. बायको आहे, बोलणारच.

स्टुडिओ म्हणजे कोंबड्यांच्या दुकानावरची खोली. जनेल उघडलं तर खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ, बंद केलं तर पिसांचा वास. त्यात खोलीभर पोरं. शी! पोरं हा प्रकार आजवर मी लांबून पाहिला होता. जवळून ती ओली असतात.

ऐन स्वागताच्या वेळी एका पोरीने सकाळचा उंडो पाव आणि चहा माझ्या बुटावर परत केला. मी हसत राहिलो. हीच ती व्यावसायिकता. संकल्प : सहा महिन्यांत पणजी, वर्षात मुंबई. बूट टाकून देणार.

९ जानेवारी
कोल्ह्याची गोष्ट, दोन आवाजांत. अप्रतिम झाली. पोरं मात्र माझ्याकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या बाजूला शेवंती उभी असते, सगळी तिच्याकडे तोंड करून. शेवंती म्हणजे बालवाडीची बाई. पोरं आणणं, नाकं पुसणं, मुतायला नेणं ही तिची कामं.

बहुतेक माझं तेज पोरांना सहन होत नाही. संकल्प : पुढच्या वेळी तेज थोडं कमी ठेवणार.

१६ जानेवारी
आजपासून फोन-इन. पहिला फोन : शेवंतीबाय आसा? राँग नंबर म्हणून ठेवला. दुसरा तोच. तिसराही. लाइनीतच दोष असणार.

चौथा प्रभावतीचा. तिच्याकडून घोकवून घेतलं होतं की बारीक आवाज काढ आणि 'मामा, तुम्ही मला फार आवडता' एवढंच म्हण. तिने आपल्या नेहमीच्या पट्टीत विचारलं, येताना गॅसवाल्याकडे जाणार की परत विसरणार? लाइव्ह! अख्ख्या तालुक्याने ऐकलं. शेवंती तोंडाला पदर लावून हसत होती. असल्या लोकांत काम करायचं म्हणजे शिसारी येते.

३० जानेवारी
जयराम नावाचा एक पोर आहे. त्याच्या नाकाला बारमाही पाणी. आज त्याने माझ्या जरीच्या जाकिटाला नाक पुसलं. चांगलं डावीकडून उजवीकडे, तवालो असल्यासारखं. श्शी! श्शी!! लिहितानाही अंगावर काटा येतोय.

मी त्याच्या दंडाला हलकासा चिमटा काढला. वात्सल्यानेच. कॅमेरा माझ्यावर नाही अशी समजूत होती. होता.

पोराने भोकाड पसरलं. शेवंतीने आत येऊन त्याला कडेवर घेतलं, कसलं तरी गाणं म्हटलं, आणि सगळी पोरं टाळ्या वाजवत नाचायला लागली. शेवटपर्यंत कॅमेरा तिच्यावर. कॅमेरामन एरवी लग्नं शूट करतो, बाई दिसली की तिकडेच वळतो. मी कोपऱ्यात जाकीट पुसत उभा.

३१ जानेवारी
पोरांच्या आया सगुणच्या दारात गेल्या. म्हणे, मामाला काढा, नाहीतर पोरं पाठवणार नाही. नाकं पुसायला शिकवत नाहीत आणि चालल्या आंदोलन करायला!

सगुण घाबरट. मामा ठेवू की शेवंतीला बसवू, काही ठरेना त्याचं. शेवटी म्हणाला, देवाला विचारतो. हा माणूस नवी वायर घ्यायची तरी देवाला विचारून घेतो. पेडण्याकडे त्याच्या गावच्या देवळात कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. पुढे अपील नाही.

मी तात्काळ मान्य केलं. देव तरी कलेची कदर करील. माणसांवरून मन उडालंय.

१३ फेब्रुवारी
उद्या कौल. देवावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण देवाच्या मागे कामं फार, त्याला थोडा हातभार लावलेला बरा. चाफ्याच्या पाकळ्या मीच आणतो म्हटलं, तर सगुणला गहिवरून आलं. गुरव उजवी बाजू आधी लावतो. तेव्हा पहिली द्यायच्या पाकळीला आताच आतल्या बाजूने खोबरेल चोळून ठेवलं. डावीची दुसरी, बिनतेलाची. मूर्तीला तेल चालतंच, पाप नाही.

प्रभावतीने विचारलं, फुलाला कसलं तेल? म्हटलं, तजेला येतो. तिने माझ्या टकलाकडे बघितलं आणि गेली.

१४ फेब्रुवारी, सोमवार
लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

पोचायला उशीर झाला. मी पाय धुवेपर्यंत सगुण गुरवाच्या कानाला लागला होता. मी पाकळ्या दिल्या, क्रमाने. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा म्हाराजा! आम्ही सगळे : व्हय म्हाराजा! हे सगुण तुझा लेकरू म्हाराजा! व्हय म्हाराजा! माझे डोळे मिटलेले, मनात पणजी. पोरांचो कार्यक्रम शेवंतीच्या हातात दिवचो असलो तर उजवो परसाद दी म्हाराजा!

व्हय म्हाराजा! सगळ्यांत मोठा आवाज माझा.

मग डोळे उघडले. मला वाटलं होतं, प्रश्न माझ्या नावाने विचारणार. कार्यक्रम माझा, तर प्रश्न दुसऱ्या कोणाच्या नावाने कसा? सायबा! थांबा म्हणायला तोंड उघडलं, तर गुरवाने दोन्ही पाकळ्या लावल्यासुद्धा. त्याचा हात खाली येतो न येतो तोच उजवी सुळ्ळकन घसरली. डावी घट्ट. अजून तिथेच असेल.

गुरव म्हणाला, उभ्या जन्मात एवढा रोखठोक कौल बघितला नाही. सगुण रडायला लागला. एका म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि मी काय सांगणार? पाकळीला तेल होतं म्हणून? पेडण्यापासून डिचोलीपर्यंत बडवत आणला असता.

हात दाखवून अवलक्षण. माझी मलाच किळस आली. पण थोडा वेळच. प्रश्न आधी न सांगणाऱ्या सगुणची जास्त आली.

२० फेब्रुवारी
शेवंतीचा कार्यक्रम बघायचा नाही असं ठरवलं. बघितला. ती जमिनीवरच बसते, पोरं तिच्या मांडीवर, पाठीवर. कॅमेऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. हे काय निवेदन? जयरामचं नाक स्वच्छ. असल्या दिखाऊपणाची मला चीड आहे.

पोरं मामाची आठवण काढतील म्हणून फोनजवळ बसून राहिलो. प्रभावती टीव्हीपुढे पोट धरून हसत होती. माझ्या वेळी ती मासे साफ करायची.

संकल्प : खाणीवरच्या साहेबांना भेटणार. नोकरी मागायला नव्हे. सहज.

२६ फेब्रुवारी
साहेब भेटले नाहीत. आत होते.

२७ फेब्रुवारी, रविवार
डिचोलीच्या मासळी बाजारात गेलो. चंद्रावती मासळीवाली माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग विचारलं, टीव्हीवयलो मामा तूंच न्हय? दोन महिन्यांत पहिल्यांदा! मी छाती काढून हो म्हटलं. तिने शेजारणींना हाका घातल्या, गो आनंदी, गो सुमन, येवन पळयात, देवान काडिल्लो तो हो! देवाने काढलेला, म्हणजे मी.

पाट्या सोडून बाया आल्या. सगळ्यांनी बघितलं. कोणी हसलं नाही. हसत्या तर बरं झालं असतं. चंद्रावतीने मी घेतलेल्या बांगड्यांवर आणखी दोन फुकट घातले. म्हणाली, देव सोडटा ताका मनशान तरी सांबाळूंक जाय. नको म्हणणार होतो. पिशवी उघडून धरली.

घरी प्रभावतीने विचारलं, आज जास्त कसे? म्हटलं, चाहत्यांनी दिले. तिने माझ्याकडे बघितलं आणि बांगडे तळून वाढले. त्यातले दोन मीच खाल्ले. घशात काटा अडकला असावा, डोळ्यांतून पाणी थांबेना. बांगड्याला काटे फार.