दांडीच्या हळदीसाठी पस्तीसची लेन्स

गुरुवार, संध्याकाळ

कॅमेऱ्याची पस्तीस मिलिमीटरची लेन्स उद्या नक्की मिळेल, असं बोईसरच्या दुकानदाराने आत्ताच फोनवर सांगितलं. पन्नासच्या लेन्सवर का अडले होते मी? स्वस्त, आणि कमी उजेडात छान, म्हणून.

आज ती पन्नासची वापरून बघायला मागून घेऊन दांडी गावात नवरीच्या घरी गेले. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या पाचजणींना गाताना फ्लॅश चालत नाही. खोली लहान. पाठ भिंतीला टेकली तरी फ्रेममध्ये तिघीच. त्यांच्यातली नवरीची आत्या हसली, "आता भिंत फोडते का गं बाय? आमी पाचीजणी दिसाया पायजे हां!"

त्या भिंतीनेच निर्णय केला. पस्तीस थोडी महाग, पण तिच्यात तेवढ्याच जागेतून जास्त रुंद दिसतं; बरं वाटतंय.

शनिवारी हळद. पाचहीजणी फ्रेममध्ये येतील. मधे कोण बसणार, यावर मात्र भांडण होईल.