वन्संना दिलेलं काळीज

तीर्थरूप तोख्तारदादांना,

अल्माटीहून कुल्याशचा सलाम. जनावरं, माणसं सुखरूप ना? वहिनींचे गुडघे कसे आहेत? तांबडी घोडी व्याली का? (‘ऑपरेशन केलंस तर मला बहीण नाही’ असं तुम्ही म्हणालात. घोडी तसं काही म्हणालेली नाही, म्हणून विचारते.)

तर, केलं. ज्यांनी वीस वर्षं माझ्या चहाला गाढवाचं पाणी म्हटलं, त्या राबिगा वन्संना माझं साठ टक्के यकृत दिलं. त्यांच्या सख्ख्या भावाचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, जुळेना, माझं जुळलं. तुम्ही म्हणालात, आपलं काळीज परक्यांना कशाला वाटतेस? दादा, माझ्या सोयरिकीच्या दिवशी, नातं पक्कं करायला, ह्याच लोकांना शेपटाची चरबी आणि काळीज आपल्या हाताने कोणी भरवलं? तेव्हा मेंढीचं होतं, एवढाच फरक. आणि आपल्या भाषेत भावंडाला आणि यकृताला ‘बाउर’ हा एकच शब्द आहे, तो काही मी काढलेला नाही.

आमच्या डॉक्टर सामाल (वय माझ्या मुलीएवढं, आवाज तुमच्यासारखा) म्हणाल्या की, तुकडा कापला की रक्तातून उरलेल्या पेशींना निरोप जातो, माणसं कमी पडली, उठा. मग एकीच्या दोन, दोनाच्या चार. माप पुरं झालं की दुसरा निरोप, बस झालं. मी विचारलं, हा दुसरा निरोप देतं कोण? म्हणाल्या, बरंच कळलंय, पण पुरतं नाही. शोध चालू आहे. मी म्हटलं, सापडला की आमच्या वन्संच्या जिभेलाही एक पाठवा.

दहाव्या दिवशी वन्सं मला बघायला आल्या, सलाइनची काठी ढकलत. म्हणाल्या, ‘‘तुझं काळीज बसवल्यापासून मला उगाच राग येतो गं.’’ मी म्हटलं, ‘‘वन्सं, राग जुनाच आहे. आता त्याला ताकद मिळाली.’’ त्या हसल्या, मीही हसले, टाके ताणले, मग दोघी कळवळलो. वीस वर्षांत आम्ही एकत्र हसलो ते पहिल्यांदा.

तीन महिन्यांनी डेपोत गेले, तर साहेब म्हणाले, अर्ध्या बाईच्या हातात ट्रॉलीबस देता येत नाही, तू पास तपासायला बस. मी स्कॅनचा कागद त्यांच्या चहावर ठेवला. नव्वद टक्के भरलंय, आणि डॉक्टरांची कामाला परवानगीही आहे. म्हटलं, तुमचंही एकदा मोजून घेऊ, कमी निघेल तो पास तपासेल. (साहेब पितात, हे सगळ्या डेपोला माहीत आहे.) सोमवारपासून मी गाडीवर आहे. मला कशाचाही पश्चात्ताप नाही, कोणाची माफी मागायची नाही.

तुमची (माना न माना) बहीण,
कुल्याश

ता. क. वन्सं बऱ्या झाल्या म्हणून येत्या रविवारी घरी जेवण आहे. मानाची जागा रिकामी ठेवली आहे. फोनवर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून एवढं लिहिलं. या.

ता. क. २. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तुम्हाला एक फोन आला होता. तुम्ही दोनदा ‘कोण?’ म्हणालात आणि तिकडून कोणी बोललंच नाही. दादा, मी फार घाबरले होते. तुमचा आवाज ऐकला आणि आत गेले.