बेअरिंग आणि शनी

श्री

चिंचवड,
१० जानेवारी १९८२

तीर्थरूप अण्णांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. पुण्याच्या दुकानातली तीन पायांची दुर्बीण घे, चारशे पट मोठं दाखवते असं खोक्यावरच छापलंय, असं तुम्ही लिहिलंत. अहो अण्णा, खोक्यावर काहीही छापता येतं! कारखान्याच्या गुरुवारच्या सुट्टीत मी जाऊन बघून आले. भिंग जेमतेम दोन इंचांचं. दुकानदाराने समोरच्या इमारतीवरचा कावळा दाखवला, तर कावळ्याला निळी-तांबडी किनार! नुसतं मोठं करून काय उपयोग, उजेड किती गोळा होतो ते खरं. म्हणून मी सहा इंची आरसा करायचा ठरवलाय, आणि तो मीच घासणार आहे.

माझ्या मामेदिरांनी अमेरिकेहून काही पानं पाठवली आहेत. तिकडे या प्रकाराला डॉबसोनियन म्हणतात. पुठ्ठ्याची जाड नळी, तळाशी आरसा, आणि ती नळी प्लायवुडच्या खोक्यात तोफेसारखी बसवलेली. यंत्र नाही, काही नाही, हाताने वळवायची. ड्रॉइंग ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं ट्रेस करते, तर म्हटलं एक स्वतःचं काढावं. काढलंय. आमच्या ह्यांचे हात आत्तापासूनच शिवशिवताहेत. टूलरूममधला, हत्यारं घडवणारा माणूस, दुसरं काय होणार!

आता मनातलं लिहिते. जुन्नरच्या शाळेत तुम्ही जन्मभर फळ्यावर शनीचं कडं काढलंत, पण स्वतः ते एकदाही पाहिलं नाहीत. पुण्याला कॉलेजात मुद्दाम बघायला गेलात, रांगेत तिष्ठलात, आणि तुमची पाळी आली तेव्हाच नेमके ढग आले. तुम्ही बोलत नाही, पण ते तुम्हाला सलतं, मला माहीत आहे. या उन्हाळ्यात शनी चित्रा नक्षत्राजवळ आहे, तिन्हीसांजेनंतर लगेच वर येतो. तो तुम्हाला दाखवायचाच, असा मी पण केलाय.

आईला नमस्कार. माझ्यावर रागवा हवं तर, पण माया आटू देऊ नका.

तुमची
शुभदा

*

श्री

जुन्नर,
१९ जानेवारी १९८२

चि. सौ. शुभदास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी आई हसली. मी हसलो नाही. पुठ्ठा आणि फळकुटं घेऊन भातुकली होते, दुर्बीण होत नाही. मी भूगोल शिकवला, सुतारकाम नव्हे, तरी एवढं मला कळतं की नाजूक वस्तूला बैठक तशीच नेमकी लागते. जावईबापू एवढे कसबी आहेत, तर त्यांच्या सल्ल्याने चाल आणि त्यांना हवं तसं करू दे. तुझ्या त्या अमेरिकन पानांपेक्षा त्यांच्या हातावर माझा जास्त भरवसा आहे.

राहता राहिला शनी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवशी एसटीत बसल्यापासून घरी येईपर्यंत मी खिडकीतून ढगच बघत आलो. पुन्हा तसं परत येणं माझ्याने व्हायचं नाही. तेव्हा आधी तुम्ही बघा. शनी स्थिर दिसला असं तू लिहिलंस तर येईन. पळत्या ठिपक्यासाठी जुन्नरहून येणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

जावईबापूंना आशीर्वाद, विहिणबाईंना नमस्कार. खुशाली कळवत राहा, तेवढाच आम्हा म्हाताऱ्यांना आधार.

तुझे
अण्णा

*

श्री

चिंचवड,
४ एप्रिल १९८२

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

आरसा झाला! दोन महिने पाण्याच्या पिंपावर काच बसवून, त्याभोवती फेऱ्या घालत काचेवर काच घासली. सासूबाईंनी विचारलंसुद्धा, की ही कुठली वटपौर्णिमा मांडलीस गं घरात. पुण्याहून त्याला ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन आणला. इतका सुरेख झालाय की बघत बसावं.

पण पुढचं ऐका. तुमचं पत्र वाचून ह्यांना मोकळं रान मिळालं. खोकं जिथे फिरतं तिथे सनमायका आणि त्यावर टेफ्लॉनचे, म्हणजे त्या गुळगुळीत पांढऱ्या प्लास्टिकचे, तुकडे बसवायचे असं पानांत लिहिलंय, माझ्या ड्रॉइंगमध्येही तसंच होतं. हे म्हणाले की फळीवर प्लास्टिक घासत फिरवायचं, हे काय इंजिनिअरिंग झालं? टूलरूममधली पोरं तोंडात शेण घालतील. आणि बसवली की खोक्याच्या तळाशी नि नळीच्या दोन्ही अंगांना, अशी तिन्ही ठिकाणी उत्तम बॉल बेअरिंगं! फुंकर मारली तरी फिरेल, असं अभिमानाने सांगत होते.

फिरली हो, फुंकरीनेच फिरली. रामनवमीला संध्याकाळी अख्खी कॉलनी गच्चीवर जमवली होती. चंद्र लावला. सासूबाई डोळा लावायला वाकल्या, पदर नळीला लागला, आणि त्यांना चंद्राऐवजी पाण्याची टाकी दिसली. त्यांना वाटलं चंद्र असाच असतो. पुढे शनी धरला, क्षणभर काहीतरी पिवळं लांबट दिसलं, वाऱ्याची झुळूक आली आणि गेला. पुन्हा धरला, पुन्हा गेला. शेजारचे उद्धवराव, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले की यापेक्षा आमच्या घरचा पाळणा बरा, निदान परत तरी येतो. सगळे हसत खाली गेले. हात दाखवून अवलक्षण ते हे. हे न जेवता झोपले, आणि मी पिंपाशी बसून रडले.

स्थिर दिसला असं लिही म्हणालात. खोटं कसं लिहू? पण वैशाख अजून यायचाय. तोवर तुमचा आशीर्वाद काढून घेऊ नका.

तुमची
शुभदा

*

श्री

जुन्नर,
९ एप्रिल १९८२

चि. सौ. शुभदास आशीर्वाद.

आता पुरे कर. नोकरी आणि घर सांभाळून एवढं केलंस, खूप झालं. पाहिजे तर जावईबापूंना याहून भारी बेअरिंगं मिळतात का बघायला सांग, पण माझ्यासाठी जिवाचा आटापिटा नको. पुस्तकात चित्र आहे, तेवढ्यावर माझं भागतं. माणसाने सगळंच बघायला पाहिजे असं थोडंच आहे.

मनाला लावून घेऊ नकोस. आमचा जीव तुझ्यापाशी आहेच.

अण्णा

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी मी, तुझी आई, दोन ओळी घालते. ह्यांना सांगू नकोस. रोज जेवणं झाली की हे अंगणात जाऊन चित्रेकडे तोंड करून उभे असतात, हाक मारली तरी येत नाहीत. तू सोडू नकोस हो.

*

श्री

चिंचवड,
१६ एप्रिल १९८२

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

सोडलं नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी हे ओव्हरटाइमला गेले असताना स्क्रू-ड्रायव्हर घेतला, तिन्ही बेअरिंगं उपटली आणि ह्यांच्या हत्यारांच्या पिशवीत घालून ठेवली. रात्री पिशवीत हात गेला, बघितलं, पिशवी खुंटीला टांगली आणि सरळ झोपायला गेले. मला वाटलं, आता आठवडाभर अबोला. तर दुसऱ्या दिवशी स्वतःच टेफ्लॉनचे तुकडे घेऊन आले आणि कानशीने अशा हौसेने घासत बसले की मला हात लावू देईनात! म्हणाले की आमचा जन्म गेला घर्षण कमी करण्यात, थोडं राखून ठेवा असं आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, ड्रॉइंगमध्ये सांगितलं होतं, वाचलं कुणी? तेव्हा कुठे हसले.

अण्णा, स्थिर. शनी स्थिर दिसला. पृथ्वी फिरते म्हणून तो हळूहळू कडेला जातो, तिला मी काय करणार! बोटाने नळी ढकलली की परत येतो, आणि बोट काढलं की नळी तिथेच राहते. पदर लागला तरी हलत नाही, सासूबाईंना तीनदा उभं करून खात्री केली.

दिसतं काय, ते मुद्दाम लिहीत नाही. येत्या गुरुवारी दुपारची एसटी धरा आणि नाशिक फाट्याला उतरा. हे स्कूटर घेऊन येतील. आता नाही म्हणालात तर मी तिकडे येऊन उचलून आणीन. आईलाही आणा म्हणाले असते, पण घराला कुणी हवं म्हणून ती तयार होणार नाही. दोघांनी माझ्यावर आहे तशीच माया करावी.

तुमची
शुभदा

*

श्री

चिंचवड,
२३ एप्रिल १९८२

सौ. पद्मास अनेक आशीर्वाद.

पाहिला. अगं पद्मा, पाहिला!

सगळं सांगतो. सातलाच गच्चीवर खुर्ची टाकून बसलो. देहूरोडच्या बाजूला एक ढग होता, त्याच्यावर मी सारखी नजर ठेवून होतो. पण बिचारा आपल्या वाटेने गेला. साडेआठच्या सुमाराला शुभदाने खोकं वळवलं आणि मला बोलावलं. आधी नुसता अंधार. जावईबापू हळूच म्हणाले की श्वास सोडा, घाई नाही. मग दिसला. लहान आहे गं, वाटाण्याएवढासुद्धा नाही. पण कडं! गोळ्याला कुठेही न चिकटता, मध्ये काळी फट ठेवून, अधांतरी. मला वाटलं पोरीने काचेवर चित्रच चिकटवलंय, म्हणून उठून नळीच्या तोंडात डोकावून आलो. हसू नकोस. परत डोळा लावला, तर होता तिथेच होता. मग मला रडू आलं. जावयासमोर रडलो. मीच लिहितो, नाहीतर शुभदा तिखटमीठ लावून सांगेल.

थोड्या वेळाने कॉलनीतली माणसं यायला लागली. विहिणबाईंनी चपला काढून, हात जोडून मगच डोळा लावला आणि मारुतीचं नाव घेतलं. ते उद्धवरावही आले. बराच वेळ बघत राहिले, मागचे ओरडायला लागले तेव्हा हलले. मग त्यांनी जावईबापूंचा हात हातात घेतला, की वा, टूलरूमच्या माणसाची बातच और, काय दुर्बीण केलीत!

मला राहवलं नाही. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जायचा त्या आवाजात सांगितलं, की ही दुर्बीण माझ्या मुलीची आहे. आरसा तिने घासला, ड्रॉइंग तिचं, आणि बेअरिंग नको हेही तिचंच म्हणणं. आम्ही दोघा शहाण्यांनी तिला फक्त चुकवलं. जावईबापू तर माझ्याही वर आवाज चढवून हो हो म्हणाले. सगळी गच्ची तिच्याकडे बघायला लागली. तिने मान वर केली नाही. शनी कडेला सरकला होता, तो पुढच्या माणसासाठी एका बोटाने परत मध्ये आणत होती.

आठवडाभर तरी मी येत नाही. तब्येतीला जप आणि तुझ्या या वेड्या माणसाला सांभाळून घे.

हरिहर