दवातलं गवत

सर, आज वाणगावच्या माझ्या वर्गात जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली, पण सांगावं असं दुसरं कुणी आठवेना. तुमच्यासारखाच मीही दर शनिवारी फळ्यावर पाठातली एक इंग्रजी म्हण लिहितो. आजची होती संधी दवडू नका असं सांगणारी, 'ऊन आहे तोवर गवत करून घ्या'. तीच हो, जिच्यापायी तुम्ही मला वर्गाबाहेर काढलं होतं!

तलासरीच्या शाळेत तुम्ही मला तिचा अर्थ विचारला होता आणि मी म्हणालो होतो, "सर, आमच्याकडं दिवाळीनंतर रोजच ऊन असतं. घाई कशाला? आणि आई तर गवत दवातच कापते." वर्ग खो खो हसला, तुम्ही भडकलात. "उद्धट! बाहेर हो." दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर तुम्ही पँट दुमडून आमच्या माळावर उभे. आई घाबरली, तरी तिने विळा तुमच्या हातात दिला. "गुरुजी, आता कापा. नि मग दुपारचं पण या." तुम्ही खरंच दुपारीही आलात, आणि उन्हाने कडक झालेल्या गवताने तुमचा तळहात चिरला. सोमवारी तो हात तुम्ही सगळ्या वर्गाला दाखवताय, "चूक माझी होती," म्हणताय, आणि म्हणींची तुमच्या अक्षरातली जाडजूड वही मला देताय. "म्हण ऐकायची आणि आपल्या माळावर तपासायची. याला ते जमतं." ती घेताना माझे कान तापले होते. का, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. पण तुमच्या त्या एका वाक्यावर मी मास्तर झालो.

आणि आज अर्थ विचारला तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, हे आमच्याकडं नाय चालत. उन्हात गवत हात कापतं." मी काय म्हणालो असेन? "पेपरात असलं लिहिलंस तर भोपळा मिळेल, बस खाली." शब्द तोंडातून गेले आणि तुमचं ते 'बाहेर हो' आठवलं. लाज वाटली, सर, पण आनंदही असा झाला की तास संपेपर्यंत मला धीर धरवेना. शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. म्हटलं, खरं सांग, अर्थ येत होता का? तिने जीभ चावली. "नाय सर. पाठच नव्हता केला. कायतरी बोलायचं म्हणून बोलले." मी एवढ्या मोठ्याने हसलो की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. मग कपाट उघडलं आणि तुमची वही तिच्या हातात ठेवली. "पण सर, मी तर पाठ नव्हता केला!"

हे पत्र कुठे टाकणार? टेबलाच्या खणातच राहील. ती वही इतकी वर्षं मी चोरून आणल्यासारखी जपली. त्या शनिवारी मीही पाठ केला नव्हता, सर.