दातुकांचा टोमणा

प्रिय देस्मा,

तुझा निरोप पोचला. आणखी तीन चाली रेकॉर्ड करून हव्यात म्हणतेस. दोन दिवस झाले, उत्तर लिहायला बसतो नि उठतो. शेतावर जातो, तर फावडं घरीच राहिलेलं. तुझी मामी म्हणते, "व्यायला आलेल्या मांजरीसारखे काय फिरताय?"

मागच्या खेपेला तू फोन पुढे धरलास आणि मी हौसेने वाजवलं. कपडे वाळत घालायच्या जुन्या बांबूच्या काठीची ही माझी सालुआंग बासरी. तसल्याच बांबूच्या बासरीत गोडवा असतो, हे तू लग्नांत तुझ्या गाण्याला साथ करणाऱ्या कीबोर्डवाल्याला ऐटीत सांगत होतीस. मी फुगलो. भाची मामाला मिरवते, आणखी काय हवं?

परवा हालाबान गावातल्या लग्नाला आलो होतो. तुला सांगितलं नव्हतं. मागे बसून फणसाची आमटी ओरपत होतो, तोच मंचावर तू गायला उभी राहिलीस नि कीबोर्डमधून माझी बासरी वाजू लागली. गोड वाटलं, खोटं कशाला बोलू! मग आपल्या कुळाचे वडीलधारे, रामली दातुक, उठले. "पोरी, शहरात भात शिजवायचा विसरलीस काय? गाणं कच्चं लागतंय!" गर्दी खिदळली. आता गायिकेनं त्याच गाण्यात कडवं जुळवून म्हाताऱ्याला झोडायचं, हीच तर आपली गंमत. तोवर बासरीवाल्यानं नाकानं श्वास घेत, गालांनी फुंकत सूर धरून ठेवायचा. एकदा तुझ्या आईला उत्तर सुचेना, तेव्हा माझे गाल भाजल्यासारखे झाले होते, पण सूर सोडला नाही.

तुला तर सुचलं होतं. मी तुझे डोळे पाहिले. तू तोंड उघडलंस आणि गाणं संपलं. यंत्रानं नाचाचं पुढचं गाणं लावलंसुद्धा. दातुक म्हणाले, "अरेरे, पेटीनं पोरीची जीभ पळवली!" तू हसलीस. ते हसू तुझं नव्हतं गं.

राग तुझ्यावर नाही. लोकांना नाचायचंय, लग्नघरांना घाई आहे, तुला पोट आहे. पण त्या पेटीत माझा श्वास होता आणि तो तुझ्यासाठी थांबला नाही. हा घास काही केल्या गिळवत नाही.

म्हणून चाली देत नाही. शनिवारी सकाळी अंगणात चटई टाकतोय. दातुकांना आमंत्रण गेलं. म्हणाले, "पोरगी उत्तर देणार असेल, तर काठी टेकत येतो." तुला न विचारताच मी हो म्हणून बसलोय. ये. सुचायला लागेल तेवढा वेळ घे.

तुझाच,
जुलबहरी मामा