कोपऱ्यातली तीट

तीर्थरूप आईस,
इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. प्रदर्शन उघडलं, गर्दीही बरी आहे. तुझं ऑपरेशन पुढच्या महिन्यातच ना? ताई फोनवर धड काही सांगत नाही.

एक गंमत सांगतो. चित्र पुरं झालं की मी खाली कोपऱ्यात काळा ठिपका देतो, तुला ठाऊकच आहे. तू माझ्या गालाला तीट लावायचीस ना, तशीच चित्राला. गॅलरीच्या बाईंनी त्याचं विश्वाचं बीज करून टाकलं. म्हणाल्या, "एवढं मोठं प्रतीक कोपऱ्यात का लपवता? मधोमध घ्या!"

मी म्हटलं, "अहो, दृष्ट लागू नये म्हणून असतं ते." त्यांनी तेही भिंतीवर लिहून लावलं. आता लोक चित्र सोडून ठिपक्याचेच फोटो काढतात. म्हणजे तिटेलाच दृष्ट लागली म्हणायची!

सध्या तुझा चेहरा रंगवलाय. पुरा झालाय, पण ठिपका देववत नाही. दिला तर त्याचंही विश्व करतील. न द्यावा, तर तुझी तारीख जवळ येतेय. ब्रश धरून नुसता बसून राहतो. प्रदर्शन उतरेपर्यंत मला इथून हलता येत नाही, बोलून पाहिलं.

ताईला सांग, तुला आत नेण्याआधी कानामागे काजळाची तीट लाव. नर्सने पुसली तर पुन्हा लाव म्हणावं. ती तरी कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

तुझा,
धाकटा