नाकेदारीण काय बोलली

१२ जाने., सोम.
सिविक सेंटरच्या टपरीवर आज बी माझीच तारीफ. शामकुंवर, कारखान्याच्या कंट्रोल रूममंधला माझा शिफ्टचा जुना जोडीदार, सगळ्यायले सांगे, "रिटायर झाला, पन पॅनल सुटला नाही याचा. मोबाइलवर बुरूज बांधते, एक दुश्मन नाही घुसू देत." मी फुगलो. गेमचं नाव 'आखरी नाका'. तीन भाग, तिन्ही पूर्ण केले मी. त्यातली कहानी माझ्या पोरीनं, प्राजूनं लिहिली, हे बी मीच छाती काढून सांगतलं.

तिसऱ्याचा शेवट तिले मागंच फोनवर सांगतला होता. नाक्याची राखण करनारा नाकेदार रिकाम्या नाक्यावर एकटाच बसते, तेवढं नाही पटलं, बाकी फर्स्ट क्लास. तवा ती फक्त "असं का" म्हणे.

संध्याकाळी पुण्याहून प्राजूचा फोन. शनिवारी येऊन राहिली. मग हळूच, "बाबा, आईचं कसं वाटलं?"
छान, छान.
"कोणत्या भागातलं?"
म्हटलं, सगळ्याच.
म्हणे, ठेवते, मीटिंग आहे.
आईचं म्हणजे? गेममंधी माझी बायको, रत्ना, कुठून आली?

१३, मंगळ.
जामुलले गेलो, शामकुंवरच्या घरी. सहज विचारल्यासारखं विचारलं, कहानी वाचली का बे?
"वाचली न! ते नाकेदारीण बोलते तवा तर मले रत्नावहिनीच दिसल्या. तू कावून विचारून राहिला? तू नाही वाचली का?"
वाचली, म्हटलं. झालं, आणखी एक खोटं. बसमंधी मान वर नाही झाली माझी.

इथं तरी खरं लिहितो. एक ओळ नाही वाचली. कंट्रोल रूमची सवय. पॅनलवर बजर वाजला की पयले बटन दाबून आवाज बंद, मग काम. सगळी नोकरी तसाच वागलो. गेममंधी कोणी बोलायले लागलं की खाली 'आगे बढ़ें' येते. दाबलं. बोलनं आलं, दाबलं. दुश्मन कवा येते याचीच घाई. तीन भाग असे काढले अन् पोरीले म्हणतो छान, छान. बह्याड साला.

१४, बुध.
कहानी परत पाहाले जुनं सगळं पुसा लागते. माझे सगळे तारे गेले. टपरीवर दाखवत फिरत होतो तेच. जाऊ दे, चुलीत जाऊ दे.

पयला भाग वाचला, एकेक ओळ, चष्मा लावून. नाकेदार घाटावर ड्युटीले जाते. घरी जेवन झाकून ठेवलं आहे. बदलीवाला रिलीवर येत नाही, हा डबल ड्युटी करते. हे प्राजूले कोणी सांगतलं? कोणी कायले सांगन, घरातच तर वाढली.

१५, गुरू.
दुसरा भाग. नाकेदारीण वरच्या बुरुजावर बसते. दुश्मन यायच्या आधी ती नवऱ्याले आवाज देते. बाकी सारे हिंदीत बोलतात. ती एकटी आपल्या घरच्यासारखी.

"जेवून घ्या न वो, थंडं होऊन राहिलं."
"तुमाले सांगून राहिली मी, भित्तीले नाही."

बाप्पा! रत्नाच. तेच, तसंच, कंबरेवर हात ठेवून. मोबाइल पलंगावर उलटा ठेवला अन् रडलो. तिले जाऊन तीन वर्ष होत आले. तिचं बोलनं पोरीनं जपून आणून माझ्या हाती देल्लं, अन् मी अंगठ्यानं बंद केलं. एकदा नाही, दर खेपेले.

गेमच्या कंपनीत भांडून घरची बोली ठेवून घेतली असन तिनं. मले कवा बोलली नाही. बोलली बी असन. मी 'हो हो' केलं असन.

१६, शुक्र.
तिसरा भाग. नाकेदारीण नाही आता. बुरूज रिकामा. शेवटी गेम विचारते, ती शेवटचं काय बोलली होती? खाली तीन ओळी. ज्यानं दुसरा भाग ध्यान देऊन वाचला त्यालेच येते. मागच्या खेपेले मी वरची दाबून मोकळा झालो होतो.

आज बरोबर ओळ दाबली. "येता येता दही आणजा." अन् शेवट दुसराच. नाकेदार दह्याचं मडकं घेऊन घाट उतरते, गावचे लोक संग चालतात. एकटा नाही बसत.

म्हणजे दोन शेवट आहेत. एकटा बसते तो फक्त न ऐकनाऱ्याले येते. अन् मी तोच शेवट मोठ्या तोऱ्यात तिले सांगतला होता. तिले त्याच दिवशी समजलं. तरी सोमवारी विचारलं तिनं. मले एक चान्स देऊन राहिली होती. अन् मी म्हटलं, सगळ्याच.

शरमेनं कान गरम झाले, घरात कोणी नसताना.

१७, शनि.
दुर्ग स्टेशनवरून आनलं तिले. ऑटोत गेमचं नाव नाही काढलं, ना तिनं ना मी. घरापाशी रुआबांधा आलं तवा म्हणे, "बारीक झाले बाबा तुमी."

आता ती चहा ठेवून राहिली. बरोबर शेवट पाहिला, हे सांगता येते मले. ती खूश होईन. पन कालपासून दुसरंच डोक्यात बसलं. रत्ना गेली त्या दिवशी मी सेकंड शिफ्टले निघालो, ती दारातून काहीतरी बोलली. मी गाडीले किक मारत 'हो हो' केलं. तिच्या तोंडचं तेच शेवटचं. काय बोलली, मले माहीत नाही. प्राजू दारात होती, तिच्या बाजूले.

दही खरं होतं, का पोरीनं मनानं लिहिलं? विचारलं तर तिले समजन का मी गेमातच नाही, दारातबी ऐकलं नव्हतं. नाही विचारलं तर मले कवाच समजनार नाही.

हाक मारली, प्राजू, एक विचारू का?

"विचारा न बाबा." गॅस बंद केला तिनं. कप घेऊन समोर येऊन बसली आहे. मी अजून लिहूनच राहिलो.